अडल्यानडल्यांची ताई

माझी भाची नववीत नापास झाली, त्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ आठवीत पहिला आला. त्यामुळे पुढच्या वर्षी आमची थोरली आणि धाकटा एकाच वर्गात. तुकडी बदलून घ्यावी म्हटलं, तर नववीची तुकडी एकच. घरात पेढे वाटावेत की तोंड लपवावं, हे कुणाला कळेना. शेवटी दोन्ही राहिलं.

शाळा सरकारी, पण इंग्रजी माध्यमाची. इंग्रजी म्हणजे तिथे झगमगाट होता असं नाही. भिंतींचे पोपडे निघालेले, बाकांवर करकटकाने कोरलेली नावं, आणि पाण्याच्या नळांपैकी एकच नळ मनापासून काम करणारा. पण गणित, विज्ञान, इतिहास, सगळं इंग्रजीत. आमच्या घरात इंग्रजी फक्त औषधांच्या बाटल्यांवर. धाकट्याने ती भाषा कुठून उचलली देव जाणे. थोरलीला मात्र आधी इंग्रजी समजून घ्यायचं आणि मग गणित, असा दुहेरी फेरा पडायचा, आणि तोवर सर पुढच्या पानावर गेलेले असायचे.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. नातेवाइकांपैकी ज्याला त्याला वाटायचं, पोरीचे डोळे तपासा. ते मी सगळ्यांच्या आधी केलं होतं. डोळे ठणठणीत. फळ्यावरचं तिला सगळं दिसत होतं, दिसलेलं कळत नव्हतं, आणि त्यावरची काच आमच्या दुकानात मिळत नाही.

शाळेचा नियम कडक होता. एकाच वर्गात दोनदा नापास झालं की नाव कमी. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, तिला समोर बसवून सांगितलं, "या खेपेला नाही जमलं, तर आईबरोबर कारखान्यात. काज-बटणाचं काम आहे, काही कमीपणा नाही त्यात."

"कमीपणा नाही, बाबा," थोरली म्हणाली. "पण मला शाळा सोडायची नाही. बाकी काही सांगा." एवढं बोलायला तिला किती जोर लागला असेल ते मला दिसलं, कारण नंतर ती आत जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धूत बसली.

पहिल्याच दिवशी वर्गात घोटाळा झाला. कंपास मागताना धाकट्याच्या तोंडून सवयीने "ताई" गेलं, आणि अख्खा वर्ग खदाखदा हसला. आठवडाभरात सगळा वर्ग तिला ताई म्हणू लागला. लांबू नावाचा एक ताडमाड मुलगा होता, त्याला मिसरूड फुटलेली, तोसुद्धा "ताई, जरा बघ ना" म्हणत वही घेऊन यायचा. थोरलीने आधी नाक मुरडलं, मग वही घेतली.

आणि तिथे एक गंमत झाली. पुस्तकातल्या कुठल्या वळणावर माणूस आपटतो, हे तिला पाठ होतं. ती स्वतः त्या प्रत्येक ठिकाणी वर्षभर आपटली होती. वहीत नुसती नजर टाकून ती म्हणायची, "इथे तुला असं वाटलं ना? मलाही तसंच वाटलं होतं. थांब." धाकट्याला कुणी विचारलं तर तो "सोपं आहे रे" म्हणायचा आणि उत्तर लिहून मोकळा व्हायचा. समोरचा जिथल्या तिथेच. त्यामुळे मधल्या सुट्टीत पहिल्या नंबरवाल्याचा बाक रिकामा, आणि नापास झालेलीच्या बाकाभोवती ही गर्दी.

सहामाहीत थोरली सगळ्या विषयांत पास झाली, फक्त गणितात गेली. लांबू गणितात पास. दादा जो भडकला, त्याला कसं आवरावं कळेना.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजायला शाळेत जातेस का? बंद कर हे. स्वतःचं पुस्तक, स्वतःची वही, बास."

ती ऐकणाऱ्यांतली. तिने सगळं बंद केलं. संध्याकाळी आतल्या खोलीत दार लोटून एकटी पुस्तक घेऊन बसायची. पुढच्या चाचणीत आणखी कमी गुण पडले.

एकदा मी चहा द्यायला गेले, तर समोर कोरं पान.

"कुठे अडलीस गं?"

"अडलेच नाही, आत्या. सुरूच होत नाही. समोर कुणी अडलेलं असलं ना, की मला कळतं काय करायचं ते. एकटी असले की डोकं बंद."

हे मी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. वहिनी म्हणाली, "मग कुणीतरी अडा तिच्यासमोर, त्यात काय." धाकटा लगेच छाती काढून म्हणाला, "मी अडतो." पण बिचाऱ्याला अडताच येईना. मुद्दाम चुकायला बसवलं तरी हात आपोआप बरोबर उत्तर लिहायचा. चूक केलीच तर इतकी ढोबळ, की आंधळ्यालाही दिसावी. थोरली वैतागून म्हणाली, "याला बघून मलाच रडू येतंय."

मग त्यानेच लांबूला घरी आणलं. लांबू एकदम अस्सल. तो दुसऱ्याच ओळीला असा काही अडायचा, की थोरलीचे डोळे चमकायचे. हळूहळू लांबूबरोबर आणखी चौघीपाचजणी येऊ लागल्या. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही, वहिनी पातेलं डोक्यावर धरून पोरांमधून वाट काढते आहे, आणि मध्यभागी आमची थोरली हातवारे करत आपल्या साध्या भाषेत बीजगणित सांगते आहे. ती सांगायची तेव्हा तिचं तिलाही उलगडत जायचं. मला ते ऐकू यायचं. सुरुवातीला चाचपडणारा आवाज मध्येच कुठेतरी ठाम व्हायचा.

दादा कामावरून आला तेव्हा दाराशी हा चपलांचा ढीग. मला वाटलं, आता स्फोट होणार. तो उभा राहून ऐकत राहिला, आणि मग हातपाय धुवायला गेला. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दोनेक दिवसांनी त्याने कामावरून लिफ्टच्या दाराचा टाकून दिलेला पत्रा आणला, त्याला काळा रंग दिला आणि भिंतीला ठोकला. "त्या बोटांनी हवेत लिहिण्यापेक्षा बरं," एवढंच म्हणाला.

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला. धाकटा पहिला. लांबू काठावर पास. थोरली बाकी सगळ्यात पास आणि गणितात दोन गुणांनी कमी. मला त्या दोन गुणांचा इतका राग आला, की दुकानात एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला.

थोडक्यात गेलेल्यांना एक संधी असायची. मुख्याध्यापिकाबाईंसमोर फळ्याजवळ उभं राहून तोंडी परीक्षा, अर्थात इंग्रजीत, आणि मागच्या बाकावर घरचं एक माणूस. दादाला रजा नव्हती. वहिनी म्हणाली, "मी गेले तर रडेन आणि तिलाही रडवीन." म्हणून मी गेले.

गणिताचे सर शिस्तीचे, इस्त्रीची घडी न मोडणारे. त्यांनी फळ्यावर लिहिलं: बारा वजा, कंसात क्ष वजा पाच, बरोबर नऊ. हे उदाहरण आमच्या पत्र्यावर मी कितीदा तरी बघितलं होतं. थोरलीने खडू घेतला आणि तशीच उभी राहिली. सर वाट बघत होते. बाई घड्याळ बघत होत्या.  दार लोटलेली ती खोली आणि ते कोरं पान माझ्यासमोर आलं.

मग ती वळली. दुकानापुरतं इंग्रजी मला येतं, त्यामुळे तिचं मोडकंतोडकं बोलणं मला कळलं. ती म्हणाली, "सर, तुम्हाला उत्तर माहीत आहे. माहीत असलेल्याला मला सांगता येत नाही. तुम्ही चुका ना, प्लीज."

बाईंनी पेन खाली ठेवलं.  मला वाटलं, झालं, पाणी पडलं सगळ्यावर. पण सरांनी तिच्या हातातला खडू घेतला आणि लिहिलं: बारा वजा क्ष वजा पाच.

"नाही, सर," थोरली एकदम म्हणाली. "इथे सगळ्यांना असंच वाटतं. मलाही वाटलं होतं." तिने टेबलावरच्या डब्यातून खडू काढले. "समजा, आठ काढायचे, पण पाच कमी, असं सांगितलंय. मी घाईत पूर्ण आठ काढले. म्हणजे पाच जास्त गेले ना? मग ते पाच परत ठेवायचे. वजा नाही, सर. अधिक." आणि तिने पाच खडू एकेक करून डब्यात परत ठेवले. मग फळ्यावर पुढच्या ओळी लिहिल्या, न थांबता, अगदी खाली उत्तरापर्यंत.

सर म्हणाले, "आणखी एक." दुसरं उदाहरण लिहून ते पुन्हा चुकले. पहिल्यापेक्षा बरंच चांगलं चुकले. तिने तेही सोडवून दाखवलं. तिसऱ्या वेळी त्यांनी खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसले. ती सांगत राहिली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहून सही केली, सरांशी हळू आवाजात दोन वाक्यं बोलल्या आणि आम्हाला जायला सांगितलं.

व्हरांड्यात आल्यावर मी तिचा दंड धरला. "अगं, पास झालीस ना? बाई काय म्हणाल्या ते मला नीट ऐकू आलं नाही."

"हो, दहावीत गेले," ती म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. हाताला लागलेला खडू पुसायचंही तिला सुचत नव्हतं. "पण आत्या, तू बघितलंस ना? मी सांगत होते आणि सर ऐकत होते."