विभूती लावलेली मूस

वळसंगच्या ज्युनिअर कॉलेजात सिद्धेश्वरीबाई रसायनशास्त्र शिकवतात. सूत्र त्या फळ्यावर आयतं लिहून देत नाहीत. मॅग्नेशियमची फीत चिनी मातीच्या मुशीत जाळायची, तिनं हवेतला ऑक्सिजन किती घेतला ते वजनावरून काढायचं, मग मॅग्नेशियमच्या एका अणूला ऑक्सिजनचे किती, हे ज्याचं त्यानं सांगायचं.

अकरावीतल्या नागव्वाचं गणित फसलं. सगळ्या पोरींचं एकास एक, हिचं एकास जवळजवळ दोन. शेजारची म्हणाली, "तुजी फीत लई खादाड हाय की गं." नागव्वाला हसू आलं नाही. तिच्या अप्पांना, मडिवाळप्पांना, शास्त्राचा धसका. प्रयोग जमला नाही तर आर्ट्सला जायचं, असं घरी ठरलेलं. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात येणार होते.

बाई रागावल्या नाहीत. पहिल्यापासून काय काय केलंस ते सांग, म्हणाल्या. नागव्वा सांगत गेली. रिकाम्या मुशीचं वजन केलं, फीत घालून केलं, मग बर्नर पेटवायच्या आधी मुशीवर विभूतीची बोटं ओढली. घरी नवं भांडं चुलीवर चढवताना ओढतात तशी. पुडी अप्पांनीच दिलेली.

बाईंच्या कपाळावरही विभूती होतीच. त्या म्हणाल्या, "लाव की बाळ. पण कोरडी लाव, मूस तापव, निवव आन् मग रिकामीचं वजन कर. जळून आलेली राख ती, आता आनि काय जळणार? वजाबाकीत तिची ती निघून जाती."

दुसऱ्या दिवशी मडिवाळप्पा स्टुलावर अवघडून बसले आणि नागव्वानं त्यांच्यासमोर सगळं पुन्हा केलं. उत्तर एकास एकाला टेकलं. काल विभूतीचं वजन ऑक्सिजनच्या खात्यात कसं गेलं, तेही बाईंनी त्यांना समजावलं.

मडिवाळप्पांनी वाकून मुशीकडं बघितलं. "म्हंजे चुकी माज्या पुडीची व्हय? मग पोरीला कशापायी काडू हितनं?"

नागव्वा आता सोलापुरात बी.एस्सी. करते. सुगी झाली की मडिवाळप्पा पहिल्या ज्वारीची पिशवी बाईंच्या दारात ठेवतात. किती हो ही, म्हणून बाई संकोचतात. मडिवाळप्पांचं उत्तर ठरलेलं.

"वजन केल्याली न्हाय बाई. तुमी बी करू नगा."