गोड ग्रेपफ्रूटची गिऱ्हाइकं

झाड एकदा टेम्पोत चढलं की आपला त्याचा संबंध संपला, असं मला नोकरीच्या पहिल्या वर्षी वाटायचं. तसं नसतं. झाड जातं आणि तीन-चार वर्षांनी गिऱ्हाईक परत येतं. बारा वर्षं पोलादपूरच्या अलीकडे एका नर्सरीत आहे मी. झाडं दाखवते, लेबलं लिहिते. कलमं बांधते आमची सुमनमावशी. आंबा-काजूवाले लोक साधे असतात. पण गोड ग्रेपफ्रूट नेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. हे फळ म्हणजे पपनस आणि ग्रेपफ्रूटचा संकर. दिसायला पपनसाचं धाकटं भावंड, कडवटपणा जवळजवळ नाही. एवढी साधी गोष्ट, पण किस्से किती!

*

मुंबईहून गणपतीला आलेले एक गृहस्थ दोन कलमं घेऊन गेले. शिमग्याला परत आले ते चिडूनच.

"मॅडम, वेल वर चढत नाही!"

"कुठला वेल?"

"अहो, ग्रेप! लोखंडी पाइपाचा मांडव घातलाय मी. वेल्डिंग केलंय!"

दुसऱ्या दिवशी मी आणि मावशी बघायला गेलो. दोन्ही झाडं सुतळीने पाइपाला आवळून बांधलेली. मावशीने आधी सुतळ्या सोडल्या, मग मांडवाखालून एक चक्कर मारली, पाइप हलवून बघितला.

"काम मजबूत हाय," ती म्हणाली. "काकडी लावा."

*

या फळात बी जवळपास नसतंच. हे सांगितलं की लोक खूश होतात. महाडचे एक काका मात्र गंभीर झाले.

"बी नाय? मग ह्याचं दुसरं झाड येतं कुठनं?"

मावशी खाली मान घालून डोळा भरत होती. जंबेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, रोपाला चीर देऊन त्यात गोड झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा इवला कोंब, बसवायचा आणि पट्टी गुंडाळायची, असं ते काम. तिने मान वर केली नाही.

"माझ्याकडनं," ती म्हणाली.

*

कशेडी घाटाच्या पायथ्याला एक ढाबेवाले आहेत. कलम नेल्यावर तीन वर्षांनी ते पिशवीभर फळं घेऊन आले आणि टेबलावर ओतली. खडबडीत सालीची, लिंबाएवढी.

"गोड म्हणून दिलंत ना? खा!"

मी एक फोड तोंडात घातली. डोळ्यांतून पाणी आलं. ही जंबेरी होती, म्हणजे कलमाचा खालचा खुंट.

मावशीने विचारलं, "जोडाच्या खालनं फूट आली होती, ती काढलीत नाय?"

"ती कशाला काढू? तीच तर जोरात वाढत होती! वरती एक मरतुकडी फांदी होती, ती छाटली मी."

मावशीने ती फळं पुन्हा पिशवीत भरली.

"लोणचं घाला," म्हणाली. "झाडाचा दोष नाय."

*

एक निवृत्त गुरुजी जात निवडायला तीनदा आले. एका जातीचं फळ गोड, पण साल जाड. दुसऱ्या जातीचं फळ मोठं, साल पातळ, पण किंचित आंबट. गुरुजींनी वहीत दोन रकाने आखले आणि शेवटी गोड जात नेली. मुळाशी पाणी साचू नये म्हणून मातीचा उंचवटा केला. पानं खाणाऱ्या अळ्या रोज सकाळी चिमट्याने वेचल्या. चार वर्षांनी नऊ फळं धरली.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांना एक नवी गोळी सुरू केली आणि बजावलं, "ह्या गोळीवर ग्रेपफ्रूट अजिबात खायचं नाही."

गुरुजी नऊच्या नऊ फळं घेऊन नर्सरीत आले. खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही खा. मी विचारतो, तुम्ही सांगा."

आम्ही खायला लागलो. गोडी, रस, वास, सगळं त्यांनी क्रमाने विचारलं, वहीत लिहिलं.

"दहापैकी किती?"

"आठ," मावशी म्हणाली.

गुरुजींचा चेहरा पडला. "दोन कशाचे कापले?"

मावशीने आणखी एक फोड खाल्ली. सावकाश चावली.

"ऱ्हायलं," म्हणाली. "दहा."

*

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक डोंगरवाडी आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी वाडीच्या वर जमिनीला भेग पडली आणि सगळ्या कुटुंबांना खाली रस्त्याकडेच्या शेडमध्ये हलवलं. वर जायला बंदी, वाटेवर होमगार्ड.

पाऊस ओसरता ओसरता पार्वतीकाकू नर्सरीत आल्या. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार काड्या. वरच्या घराच्या दारातल्या झाडाच्या. आमच्याकडूनच नेलेलं ते झाड. त्यांच्या यजमानांनी लावलेलं, आणि फळ धरायच्या आधी ते गेले.

मी म्हटलं, "काकू, तीच जात आहे आपल्याकडे. तयार कलम न्या ना."

"जात तीच हाय गो," काकू म्हणाल्या. "झाड ते नाय."

मावशीने काड्या घेतल्या. त्यांतून अकरा डोळे निघाले. अकराही भरले आणि रोज स्वतः पाणी घातलं, कुणाला हात लावू दिला नाही. नऊ वाळले. दोन फुटले.

पुढच्या पावसाआधी काकू कलमं न्यायला आल्या. दोन्ही मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या, तेव्हा मावशीने इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं.

"तेवा वर कशी गेलीस गो? बंदी होती ना?"

"त्या होमगार्डला सांगितलं, कोंबड्या ऱ्हायल्यात वर. तो सोबतच आला."

"मग? गावल्या कोंबड्या?"

"आमच्यात कोंबड्या कधी नव्हत्याच."

"आणि तू काड्या तोडत होतीस, तेवा तो काय बोलला?"

"पाठ फिरवून उभा ऱ्हायला," काकू म्हणाल्या. "बोलला, काकू, लवकर पकडा, आभाळ भरून आलंय."