आगरी बोलीतला सिग्मा

लॅबमध्ये ऑटोक्लेव्हच्या वाफेतून काढलेल्या, बॅक्टेरिया वाढवायच्या गरम अगारचा वास आला, की मला पनवेलच्या कॉलेजातली ओवे गावाहून येणारी मैत्रीण आठवते. एम.एस्सी.च्या सेमिनारमध्ये तिला सिग्मा फॅक्टर हे बॅक्टेरियातलं प्रथिन समजावायचं होतं. इंग्रजीत दोन वाक्यं झाली आणि ती अडखळली, कुणीतरी हसलं, तशी ती खडू ठेवून दाराकडे निघाली. मागच्या बाकावरून आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, घरी आईला सांगशील तसं सांग." ती थांबली, डोळे पुसून फळ्याकडे वळली. "आये, जीन वाचनाऱ्या एन्झाइमला एकट्याला कलत नाय, सुरवात कुठून करायची. मंग सिग्मा त्याला चिकटतो. डीएनएवर जीनच्या आधी प्रमोटर आसतो, त्याच्यावरच्या दोन खुना सिग्मा वलखतो आन् एन्झाइमला तिथं बसवतो. बॅक्टेरियाला गरमी झाली, का दुसरा सिग्मा येतो. त्यो येगले प्रमोटर वलखतो, म्हनून येगलीच जीन चालू व्हतात. कललं का?" "कललं गो," मॅडम तिच्याच बोलीत म्हणाल्या, आणि ती रडता रडता हसली. आज हा धडा मी शिकवते. मुलांना इंग्रजीतून सांगते, पण मला स्वतःला तो अजून तिच्याच आवाजात कळतो.