लाइट गेल्यावर ऐकलेली माहेरं

मधल्या सुट्टीत मुलांना खिचडी वाढून झाली होती आणि मी हात धुवायला नळावर गेले होते, तेवढ्यात कल्पनाचा फोन आला. कल्पना म्हणजे माझी भावजय, धाकट्या भावाची, प्रमोदची बायको. "ताई, यायच्या छातीत दुखून राह्यलं, बुलढान्याले घेऊन चाललो," एवढंच ती प्रमोदबद्दल म्हणाली. मागे गाडीचा आवाज येत होता... शाळेत सांगून मी डोणगावहून निघाले, मेहकरला बस बदलली, आणि चिखलीच्या अलीकडे दुसरा फोन आला. तो कल्पनाच्या भावाचा होता. "ताई" म्हणून तो थांबला आणि पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. रडू आलं नाही मला. इतका थकवा आला, की शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी विचारलं, थोडं डोकं टेकवू का तुमच्या खांद्यावर? तिने काही न विचारता पदर सारखा करून खांदा पुढे केला. काही आठवडे झाले त्याला. तो थकवा अजून उतरलेला नाही.

प्रमोद धामणगाव बढ्याजवळच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर होता. पाळी दर आठवड्याला बदलायची, कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची, आणि बदली माणूस आला नाही तर दोन पाळ्या एकापाठोपाठ. "आज वार कोनता हाये ते अंगाले समजतच नाही," असं तो म्हणायचा, तक्रार म्हणून नाही, हवापाणी सांगावं तसं. दिवाळीत गाव उजळलेलं असायचं तेव्हा हा मीटरच्या काट्यांसमोर बसलेला. त्यामुळे आमच्या भाऊबीजेचा आणि पंचांगाचा संबंध कधीच सुटला होता. त्याला सुट्टी मिळेल तो दिवस भाऊबीजेचा. एका वर्षी तो मार्गशीर्षात आला. फराळ संपलेला, म्हणून मी गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळले. पाटावर बसवून कुंकू लावायला गेले तर त्याने मान खाली घातली. मला वाटलं, नमस्कारासाठी वाकला. तो झोपला होता.

अशा माणसाला आणखी एक उद्योग लावून घ्यायची काही गरज नव्हती. पण आमच्या शेजारच्या शांताकाकू गेल्या आणि त्यांच्या तेरवीच्या तयारीत मुलांना प्रश्न पडला, की आईच्या माहेरी निरोप कुठे द्यायचा. एक म्हणाला खानदेशात कुठंतरी, दुसरा म्हणाला जामनेरकडे. गावाचं नाव एकालाही सांगता येईना. प्रमोद तिथे बसला होता. संध्याकाळी मला फोनवर म्हणाला, "एवढी वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लं आपन, अन् ती आली कुठून हे कोनी इचारलंच नाही." काही दिवसांनी त्याने कॉलरला लावायचा छोटा माइक मागवला आणि मोबाइलवर पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवलं 'तुमचं माहेर कोनतं?' म्हाताऱ्या बायांना तो एवढाच प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचा. विहीर कुठे होती, पहाटे कोण उठवायचं, निरोप देताना वेशीपर्यंत कोण आलं होतं... त्या बोलत राहायच्या.

अडचण होती गोंगाटाची. पिठाची चक्की, कूलर, टीव्ही, घरोघरचे पंखे. यावर त्याच्याकडे जो उपाय होता तो दुसऱ्या कोणाकडे असणं शक्य नव्हतं. भारनियमनात कोणत्या भागाची वीज कधी जाणार हे त्याला माहीत असायचं. ड्युटी नसेल त्या दिवशी ती वेळ साधून तो माइक घेऊन जायचा. चक्की थांबली, पंखे थांबले, की म्हणायचा, "हं, सांगा आता." लाइट गेली म्हणून सगळं गाव ज्याला बोल लावायचं, त्याचीच वाट पाहत दोन-चार म्हाताऱ्या ओसरीवर बसलेल्या असायच्या. रोहिणखेडच्या एक खाला होत्या, माहेर बुऱ्हाणपूरचं. तापीच्या घाटावर आईच्या बांगड्या कशा वाजायच्या ते सांगताना त्या मधेच थांबल्या, आणि तो विराम त्याने कापला नाही, तसाच ठेवला. कोणीतरी पुण्याहून लिहिलं, की ही भाषा ऐकून हसू येतं. मला राग आला. तो म्हणाला, "हसले तं हसले. ऐकलं तं खरं."

मी एकदा विचारलं, माझा नंबर कधी? धामणगाव हेच माझं माहेर. आईवडील गेल्यानंतर तिथे उरला होता तो एकटाच. तो हसून म्हणाला, "तुह्यं माहेर तं मीच आहो, ताई. तुले काय इचारू?" तेव्हा मीही हसले होते.

घरात मात्र हे सगळं सोपं नव्हतं. कल्पनाला समुद्र पाहायचा होता. लग्नापासून पाहायचा होता. दरवर्षी उन्हाळ्यात बेत ठरायचा आणि मोडायचा, कारण उन्हाळ्यात विजेचा भार जास्त आणि रजा मिळणं मुश्कील. शेवटी एका वर्षी रजा मंजूर झाली. मलकापूरहून रेल्वेने आणि पुढे बसने ते तिघं कोकणात गेले, लेक ऋतुजा तेव्हा आठवीत होती. जिथे उतरले त्या घरमालकाची आई बोलकी निघाली. तिचं माहेर खाडीपलीकडे. प्रमोदने बॅगेतून माइक काढला. संध्याकाळी तिघांनी होडीतून जायचं ठरलेलं, पण म्हातारी सांगत गेली, हा ऐकत गेला, आणि होडी निघून गेली. ऋतुजा चपला हातात घेऊन पायरीवर बसून होती. कल्पना भांडणारी बाई नाही. ती एवढंच म्हणाली, "ड्युटी तुमच्या गळ्यात पडली, ते मले समजते. पन हे तं तुमी सोताहून घेतलं. मंग आमच्यासाठी काय राह्यलं?"

घरी आल्यावर त्याने माइक कपाटात ठेवून दिला. मला वाटलं, बरं झालं, आता तरी माणूस घराला मिळेल. पण तसं झालं नाही. ड्युटी, झोप, ड्युटी. मधला वेळ तो टीव्हीसमोर बसायचा आणि काय पाहिलं ते त्याला सांगता यायचं नाही. "घरी असतात, पन नसतात," कल्पना मला म्हणाली होती. बोलताना तिचाही आवाज दमलेला होता. कोण चुकलं, असं बोट दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं... एका माणसाकडे जेवढा वेळ असतो, त्यातला बहुतेक उपकेंद्राने आधीच घेतला होता आणि उरलेल्याची ही ओढाताण होती.

मग एके दिवशी गावातल्या एक म्हाताऱ्या, पार्वताबाई, काठी टेकत प्रमोदच्या घरी आल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाहून उन्हात चालत आल्या होत्या. प्रमोद ड्युटीवर होता. पार्वताबाई उंबऱ्यात बसून म्हणाल्या, "माह्यं माहेर राह्यलं नं व, बाई." कल्पनाने त्यांना पाणी दिलं. मग तिने कपाटातून माइक काढला, पंखा बंद केला, दारं लोटली आणि तो प्रश्न स्वतःच विचारला. पार्वताबाईंनी तिला जे सांगितलं ते एका पुरुषाला कधीच सांगितलं नसतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या तेव्हा आईने त्यांना परत पाठवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्या स्वतःच एका पहाटे उठून सासरी निघून आल्या होत्या. आपण का आलो, हे त्यांना अजून समजलेलं नव्हतं. घरी आल्यावर प्रमोदने ते सगळं ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाला, "आता तूच इचारत जाय. मी नुसता माइक धरतो."

पुढची दोन-तीन वर्षं तसंच चाललं. त्याच्या सुट्टीला तिघं मोटारसायकलवर निघायचे. एखाद्या गावात रेकॉर्डिंग, मग परतीला राजूर घाटात थांबायचं, भजी खायची, आणि कुठे किती वेळ थांबायचं हे ऋतुजा ठरवायची. याला कोणी सहल म्हणणार नाही. पण फोनवर तिघांचेही आवाज एकामागून एक यायला लागले होते, तिघांनाही मला काहीतरी सांगायचं असायचं. कोकणात परत जाऊन ती होडी गाठायची, असं त्याने लेकीला कबूल केलं होतं. तेवढं राहिलं.

तो गेल्यावर भेटायला आलेल्या बायांमध्ये त्या सगळ्या होत्या. खाला नातवाच्या गाडीवर बसून आल्या. त्या बायांमधल्याच एकीने कल्पनाला विचारलं, "तुह्यं माहेर कोनतं व?" कल्पना सांगायला लागली. माइक कपाटातच होता आणि कोणाला त्याची आठवणही झाली नाही. पुढचे भाग कधी, असं लोक आता ऋतुजाला विचारतात. ती आईकडे पाहते. कल्पना म्हणते, "थांब जराशी. मले अजून दम नाही." मी मध्ये पडत नाही.

मागच्या आठवड्यात शाळेला सुट्टी लागली म्हणून मी चार दिवस त्यांच्याकडे जाऊन राहिले. दुपारची वेळ होती. टीव्ही चालू होता, पण आवाज बंद. भात कुकरला न लावता पातेल्यात शिजत होता. गल्लीतली पोरं खेळत होती ती पार पलीकडच्या वळणावर. रात्रपाळी करून आलेला माणूस आत झोपला आहे म्हणून जे घर इतकी वर्षं दुपारी दबक्या आवाजात वावरत आलं, ते तसंच वावरत होतं. माझ्या हे आधी लक्षात आलं नाही. मला घरून फोन आला आणि मी मोठ्याने बोलू लागले. ऋतुजाने झटकन ओठांवर बोट ठेवलं. मग तिचं तिलाच कळलं आणि तिने हात खाली घेतला. स्वयंपाकघराच्या दारातून कल्पना म्हणाली, "बोला, ताई, जोरात बोला. आता कोनाची झोप मोडते?"

पण हे ती कुजबुजतच बोलली होती. मी फोन घेऊन अंगणात गेले.