बंद कारखान्याची बाटली

जळकोटच्या पुढं हायवेवरच्या एका ढाब्यावर मी जेवणाची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाजेवर धोतर नेसलेले एक आजोबा होते. त्यांनी एकदम हाक मारली, "पाव्हणं, या की हिकडं! नात झाली मला आज!"

त्यांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली व्हिस्कीची बाटली होती. मुलगा स्कॉटलंडला नोकरीला. त्यानंच ही सिंगल माल्ट आणून दिली होती, आणि ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता.

"मग ही पुन्हा मिळायची नाही. जपून ठेवा," मी म्हणालो.

"पोरगंबी हेच म्हणतंय. कारखाना बंद पडला, म्हून बाटलीबी बंदच ठिवायची व्हय?"

त्यांनी बूच पिळलं आणि ते मधूनच तुटलं. "अरेरे!" मी ओरडलो. आजोबा मात्र खदखदून हसले. उरलेलं बूच त्यांनी बोटानं आत ढकललं, चहाची गाळणी मागवली आणि आचाऱ्यापासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्यांना थोडी थोडी गाळून दिली.

मी घोट घेतला. आधी धुराचा वास आला, मग गरम काकवीसारखं काहीतरी जिभेवर पसरत गेलं.

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. आजोबांनी फोन आमच्याकडं फिरवला. सगळ्यांच्या हातातले ग्लास बघून मुलगा स्क्रीनजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "कशी लागली हो? मी कधी चाखलीच न्हाय."

आम्ही सगळे एकदमच सांगायला लागलो.