कपॅसिटरमधला करंट आणि माझी जळजळ

मंडळी, आज सकाळी कॉलेज रोडला सुनंदा गायकवाड भेटली आणि चाळीस वर्षांपूर्वीची जळजळ पुन्हा वर आली.

ऐंशीच्या दशकात सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं टेस्टिंगला होतो. एका फिल्टर सर्किटमधला कपॅसिटर सारखा तापून फुटायचा. मी तीन आठवडे नुसते कपॅसिटर बदलत बसलो. नवीनच लागलेल्या सुनंदाने त्याच्याशी सिरीजमध्ये एक छोटा रेझिस्टर जोडला, त्यावरचं व्होल्टेज स्कोपच्या पडद्यावर पाहून करंट काढला आणि म्हणाली, "ह्याला झेपेल त्याच्या दुप्पट करंट ह्यातून जातोय."

साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. मी नंतर त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालो, "नशिबाने सापडलं हो तिला." त्या वर्षी प्रमोशन मला मिळालं.

आज तिला हे सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "देशपांडे, केबिनचं दार उघडं होतं. मी बाहेरच उभी होते."

मग ती निघून गेली. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगतो, घरी येईपर्यंत डोक्यात एकच होतं: एवढं साधं मला का सुचलं नाही?

तुमच्यापैकी कुणाचा असा हेवा कधी पुरता गेलाय का?