आईची मिसरी, माझी सिगारेट

माझी लेक पुण्याला तिच्या वडिलांकडे राहते. आम्ही वेगळे झालो तेव्हा शिक्षणासाठी तिनंच तसं ठरवलं. मी जुन्या जालन्यात आईसोबत राहते आणि जाफराबादच्या कॉलेजात शिकवायला जाते. त्या रविवारी दुपारी लेकीचा फोन आला.

"मम्मी, दिवाळीला येत नाही मी. बाबांनी फिरायला जायचं ठरवलंय."

"बरं, बरं. मजा कर," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मला एका जागी बसवेना. ओटा पुसला, पुसलेलाच परत पुसला. कपाट उघडलं, पण कशासाठी उघडलं तेच आठवेना. खाली गल्लीत धान्याच्या पोत्यांचा हातगाडा अडकला होता, मागे रिक्षांचे हॉर्न, आणि प्रत्येक हॉर्न छातीत वाजत होता. शेवटी पर्समधून सिगारेटचं पाकीट काढलं आणि गच्चीवर गेले.

सिगारेट मला घटस्फोटाच्या काळात लागली. जाफराबादच्या स्टँडबाहेर टपरीवर "आमच्या सरांना पाहिजे" असं सांगून मी पाकीट घ्यायची. एखादा तास रंगला, मुलींशी गप्पा झाल्या की ते पर्समध्ये तसंच पडून राही, आठवणसुद्धा होत नसे. पण कुणी टोचून बोललं किंवा लेकीनं फोन उचलला नाही, की हात आपोआप पर्सकडे जाई.

गच्चीवर पहिली कधी संपली कळलंच नाही. दुसरी पेटवली तेवढ्यात जिन्यात आईची चाहूल लागली. गुडघे दुखतात म्हणून ती कधी वर येत नाही. मी सिगारेट मागे लपवली.

"राहू दे," ती धापा टाकत म्हणाली. "लई दिवसांपासून वास येतो मला."

ती उपड्या बादलीवर बसली. कमरेची डबी काढून भाजलेल्या तंबाखूची मिसरी दातांना लावू लागली. त्या मिसरीवरून मी तिला जन्मभर रागावत आले होते.

"तुझा भाऊ तापात गेल्ता ना, तव्हा धरली ही. शेजारीण म्हणली, लाव, जिवाला बरं वाटंल."

"वाटलं?"

"तेवढ्यापुरतं. मंग परत लावा." ती थुंकायला उठली, परत बसली. "मिसरीवरून समदे बोलले मला. पोराचं कुणी विचारलं न्हाई."

मीही कधी विचारलं नव्हतं. तो गेला तेव्हा मी फार लहान होते.

"पोरगी काय म्हणली?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, आणि सांगता सांगता रडू फुटलं. "मंग तिला कशाला म्हणलीस मजा कर?" आई म्हणाली. "वाईट वाटलं म्हणून सांग ना सरळ."

मी तिथूनच फोन लावला. "तू येत नाहीस याचं मला फार वाईट वाटलं," एवढंच म्हणाले. लेक म्हणाली, "मला वाटलं, तुला काही फरकच पडत नाही."

ती दिवाळी सरल्यावर आली, थोडेच दिवस राहिली. सिगारेट सुटलेली नाही. आता डॉक्टरांकडे जाते, ते विचारतात, ओढावीशी वाटली तेव्हा काय झालं होतं? या प्रश्नाचं उत्तर देताना मी खुर्चीत सारखी चुळबुळ करते. पण देते.